बाटलीवर संशय, डबीत गहू

ग्लुटेनमुक्त आहार सुरू झाला की घरातून पहिली निघते ती कणीक. तिच्या मागोमाग रवा, मैदा, शेवया, पाव आणि बिस्किटे जातात. पिठाचे डबे रिकामे झाले की संशयाची नजर फळीवरच्या बाटल्यांकडे वळते. व्हिनेगर, सोया सॉस, केचप, मोहरीचा सॉस अशा बाटलीबंद आणि परदेशी नावाच्या वस्तूंची झडती होते. या झडतीतून सहसा सुटते ती मिसळणाच्या डब्याशेजारची हिंगाची डबी, कारण ती घरचीच. ग्लुटेनचा हिशेब मिलिग्रॅममध्ये मांडला, तर मराठी स्वयंपाकघरात हा क्रम बराचसा उलटा असायला हवा.

ग्लुटेन हे प्रथिन आहे. गव्हातील ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने पाण्यात मळली की कणकेला जो ताण येतो, तोच ग्लुटेन. जवात (बार्लीत) होर्डीन आणि रायमध्ये सेकॅलिन ही त्याची भावंडे असतात. सीलिअॅक आजारात या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. अस्तरावरच्या अन्नरस शोषणाऱ्या सूक्ष्म लोंब्या झिजतात. गव्हाची अॅलर्जी हा वेगळा आजार आहे, आणि नुसती गव्हाने होणारी पोटफुगी ही आणखी तिसरी गोष्ट. सीलिअॅकची रक्ततपासणी गहू बंद करण्याच्या आधी करायची असते. गहू आधीच सोडला, तर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी सिद्ध केला. त्यांचा संशय १९३० च्या दशकापासूनचा होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा उपासमारीच्या त्या दिवसांत ही आजारी मुले मात्र सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. १९५० मध्ये डिके यांनी प्रबंध सादर केला. तेव्हापासून आजवर या आजारावर आहार हाच मुख्य उपचार राहिला आहे आणि तो जन्मभराचा आहे. उत्तर भारतात शंभरातल्या साधारण एकाला हा आजार आढळतो, दक्षिणेत त्याचे प्रमाण बरेच कमी आहे.

किती ग्लुटेन चालते, हा पुढचा प्रश्न. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसलेला पदार्थ ‘ग्लुटेनमुक्त’ ठरतो. अमेरिका, युरोप आणि भारताची अन्नसुरक्षा यंत्रणा एफएसएसएआय यांनीही हीच मर्यादा मानली आहे. ही मर्यादा पदार्थाची झाली. माणसाच्या बाबतीत पाहायची ती दिवसभराची बेरीज. इटलीतील कार्लो कतास्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तर अस्तराला इजा होते असे दिसले. दिवसाची बेरीज १० मिलिग्रॅमच्या आत राहिली तर बहुतेकांना धोका नाही, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तुलनेसाठी, ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे पोळीचा तीनशेवा तुकडाही दिवसाचा वाटा संपवतो. पुढची सगळी चर्चा हे दोन आकडे, १० आणि ५०, समोर ठेवून वाचावी.

आता शिरका, म्हणजेच व्हिनेगर. त्याचा जन्म दोन आंबवणींतून होतो. यीस्ट साखरेचे मद्य करते आणि मग अॅसिटोबॅक्टर जातीचे जिवाणू हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने मद्याचे अॅसिटिक आम्ल करतात. यात ग्लुटेन कुठून येईल? साखर जर गव्हाच्या किंवा जवाच्या दाण्यातून घेतली असेल तरच. ऊस, द्राक्ष, सफरचंद, नारळ, तांदूळ यांत ग्लुटेन मुळातच नाही. त्यामुळे वाइनचे, सफरचंदाचे, बाल्सॅमिक आणि उसाच्या रसाचे व्हिनेगर यांच्याबद्दल काळजीचे कारण नाही. मात्र नंतर त्यांत काही स्वाद किंवा मॉल्ट मिसळले नसेल हे पाहावे लागते.

मद्य धान्यापासून केले तरी एक टप्पा चित्र पालटतो, तो ऊर्ध्वपातनाचा. मद्य ७८ अंशांच्या आसपास उकळून वाफ होते. प्रथिन कितीही तापवले तरी वाफ होऊन वर चढत नाही, ते भांड्याच्या तळाशीच राहते. म्हणून गव्हाच्या मद्याचे ऊर्ध्वपातन करून त्यापासून केलेले पांढरे व्हिनेगरही ग्लुटेनच्या दृष्टीने स्वच्छ असते. ‘मूळ धान्य गहू होते’ एवढ्याच कारणाने ते टाळण्याचा सल्ला अजूनही कानावर येतो. तो सल्ला चुकीचा आहे.

भारतातल्या बाजारात तर हा प्रश्न आणखी सोपा होतो. इथले स्वस्त पांढरे व्हिनेगर बहुधा आंबवलेले नसतेच, कारखान्यात तयार झालेल्या अॅसिटिक आम्लात पाणी घालून ते करतात. नियमानुसार त्यात किमान ३.७५ टक्के आम्ल लागते आणि ते ‘सिंथेटिक’ असून अॅसिटिक आम्लापासून केले आहे, हे बाटलीवर छापावे लागते. चवीला ते एकसुरी आणि बोचरे असते. कुणी चोखंदळ स्वयंपाकी ते हातात धरणार नाही, पण त्यात धान्याचा कणही नसतो. रस्त्यावरच्या चायनीज गाडीवर काचेच्या बरणीत हिरव्या मिरच्या बुडवून ठेवलेले पाणी असते ते हेच, आणि सीलिअॅक रुग्णासाठी त्या गाडीवरचा कदाचित तोच सर्वांत निर्धोक पदार्थ.

गोव्याचा शिरका याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडावर चढून पोय छाटतो, मडके बांधतो आणि गोळा झालेली सूर राखून ठेवली की ती आपोआप आंबट होत शिरका बनते. पोर्तुगीजांनी आणलेल्या वाइन-लसणीच्या मुरवणीत वाइनच्या जागी हाच माडाचा शिरका बसला आणि विंदालू तयार झाला. रेशादचा मसाला, बालशांव आणि गोव्याचे चोरीस यांचा आंबटपणाही याच जातीचा. घरच्या पद्धतीने केलेल्या या पदार्थांत धान्य नाही. त्यांच्याबरोबर ताटात येणारा पाव तेवढा वगळायचा.

खरा वाद आहे तो मॉल्ट व्हिनेगरचा. जवाला मोड आणून, त्याची बिअरसारखी आंबवण करून, ऊर्ध्वपातन न करता हे व्हिनेगर बनते. त्यात जवाच्या प्रथिनांचे अंश उरतात. ब्रिटनमधील रुग्णांची संस्था ‘सीलिअॅक यूके’ सांगते की हे अंश मर्यादेच्या खूप खाली असतात, म्हणून ते खायला हरकत नाही. अमेरिकेत मात्र सामान्य जवापासून केलेल्या मॉल्ट व्हिनेगरवर ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापता येत नाही आणि तिथल्या रुग्णसंस्था ते टाळायला सांगतात. एकच वस्तू अटलांटिकच्या एका काठावर चालते आणि दुसऱ्या काठावर चालत नाही. दोन्ही बाजूंकडे विज्ञान आहे, फरक भरवशाचा आहे. ब्रिटिश बाजू उरलेल्या अंशाकडे पाहते, अमेरिकी बाजू तो अंश नेमका मोजता येतो का असे विचारते. आकडेमोड ब्रिटिश बाजूला थोडी अनुकूल आहे. किलोमागे पूर्ण २० मिलिग्रॅम धरले तरी १५ मिलिलिटर व्हिनेगरमधून ०.३ मिलिग्रॅम ग्लुटेन जाते. (तसे ब्रिटनमधल्या बऱ्याच चिप्सच्या दुकानांत व्हिनेगर म्हणून शिंपडतात ते पाण्यातले अॅसिटिक आम्ल आणि कॅरॅमल रंगच असतो, म्हणजे आपल्या गाडीवरच्या पाण्याचेच सावळे भावंड.) टाळणे सोपे असल्यामुळे मॉल्ट व्हिनेगर टाळावे, पण चुकून पोटात गेल्यास घाबरण्यासारखे काही नाही, हा त्यातला शहाणा मधला मार्ग. चीनच्या काळ्या व्हिनेगरांबाबत जास्त सावध राहावे लागते. झेनजिआंगच्या व्हिनेगरात चिकट तांदळाबरोबर गव्हाचा कोंडा वापरतात आणि शान्शीच्या व्हिनेगरात ज्वारीबरोबर जव असतो. त्या ‘चिकट’ तांदळात मात्र ग्लुटेन नसते.

अमेरिकेचा मोजमापाबद्दलचा आक्षेप सोया सॉसपाशी पुरा समजतो. जपानी पद्धतीच्या नेहमीच्या सोया सॉसमध्ये सोयाबीन आणि गहू जवळजवळ निम्मे-निम्मे असतात. महिनोन्‌महिने आंबताना गव्हाची प्रथिने तुटून बारीक तुकडे होतात. ग्लुटेन शोधणारी नेहमीची प्रयोगशाळेतली चाचणी प्रथिनाचा लांब तुकडा दोन ठिकाणी पकडून मोजते. तुकडा आखूड झाला की दुसरी पकड बसायला जागाच राहत नाही आणि चाचणी ‘नाही’ म्हणते. शरीराची प्रतिकारयंत्रणा अशा आखूड तुकड्यालाही ओळखू शकते. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० च्या नियमात आंबवलेल्या पदार्थांसाठी वेगळी वाट धरली: शेवटी काय मोजले गेले यापेक्षा आंबवण्याआधी काय घातले होते, हे कागदोपत्री दाखवायचे. ऊर्ध्वपातन झालेल्या व्हिनेगरात प्रथिनच उरत नसल्याने तिथे प्रथिन नाही एवढे दाखवणे पुरते. ऊर्ध्वपातन प्रथिनाला मागे ठेवते आणि आंबवण त्याचे फक्त तुकडे करते, हा फरक एकदा ध्यानात आला की बाटल्यांचे निम्मे कोडे सुटते. सोया सॉसऐवजी तामारी घ्यावी. ती मुख्यतः सोयाबीनची असते, पण काही तामारींत थोडा गहू असतो, तेव्हा लेबल पाहूनच. ऑयस्टर सॉस, होइसिन, जवाची मिसो आणि बाजारातली बहुतेक गोचुजांग सोया सॉसच्याच रांगेत बसवावीत.

भारतात सोया सॉस घराघरांत पोचला तो ‘इंडियन चायनीज’च्या हाताने. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये चिकन मंचुरियन केले असे सांगितले जाते, आणि आता ते प्रत्येक नाक्यावर मिळते. मंचुरियनमध्ये सोया सॉस तर असतोच, पण कोबीच्या किंवा कोंबडीच्या गोळ्याला मैद्याचे आवरण असते आणि त्याच कढईत स्प्रिंग रोल तळलेले असतात. तिथे ‘सोया सॉस नको’ असे सांगून काहीही साधत नाही. शेजवान चटणीच्या बाटलीतही सोया सॉस असू शकतो. केचप बहुधा मक्याच्या स्टार्चवर भागवतो, त्यात अडचण क्वचितच येते. वूस्टरशर सॉसची गंमत अशी की एकाच प्रसिद्ध सॉसच्या ब्रिटनमधल्या बाटलीत मॉल्ट व्हिनेगर असते आणि अमेरिकेतल्या बाटलीत पांढरे. परदेशी राहणाऱ्या मराठी घराने सुटीत इथून तिथे आणि तिथून इथे बाटल्या नेताना हे ध्यानात ठेवावे.

बाटल्यांचे एवढे पुरे. आता हिंग.

हिंग हा फेरुला जातीच्या झाडाच्या मुळाला चीर देऊन काढलेला चीक. तो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. भारतात लाहौल खोऱ्यातल्या क्वारिंग गावी १५ ऑक्टोबर २०२० रोजी पहिले रोप लावले गेले, तोवर आपला सगळा हिंग आयातच होता. शुद्ध चीक राळेसारखा चिकट असतो, हाताला वास दोन दिवस राहतो आणि चिमटीत मोजता येईल अशी त्याची भुकटी होत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ घालून तो ‘बांधतात’. यालाच बांधणी हिंग म्हणतात. हे काम करणारे जुने केंद्र म्हणजे उत्तर प्रदेशातले हाथरस. ही भेसळ नव्हे. अन्नसुरक्षा नियमांतच बांधणी हिंग म्हणजे हिंग, खाद्य डिंक आणि खाद्य स्टार्च किंवा धान्याचे पीठ यांचे मिश्रण असे दिले आहे आणि त्यात मद्यार्कात विरघळणारा अंश किमान ५ टक्के असला तरी चालतो. पीठ कोणते, हे बनवणाऱ्याच्या हातात आहे. पुष्कळदा ते गव्हाचे असते, कारण मैदा स्वस्त आहे आणि हिंगाला नीट धरून ठेवतो.

डबीच्या झाकणावर ‘शुद्ध’ लिहिलेले असते तेव्हा त्याचा अर्थ पीठ नाही असा होत नाही. खडा हिंग घेतला की प्रश्न मिटला, असेही बऱ्याच घरांत मानतात. पण बाजारातला खडा हाही पुष्कळदा बांधून सुकवलेला असतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायचे असल्यामुळे, गव्हाचे पीठ हिंगाच्या आधी छापलेले दिसले तर डबीत हिंगापेक्षा गहू जास्त आहे.

आता हिशेब. एक चिमूट म्हणजे पाव ग्रॅम धरू आणि निम्मा मैदा धरू. मैद्यात आठ टक्क्यांच्या आसपास ग्लुटेन असते. म्हणजे एका चिमटीत साधारण १० मिलिग्रॅम. ती फोडणी चौघांत वाटली गेली तर प्रत्येकाला अडीच. पण मराठी जेवणात एकच फोडणी नसते. आमटीत हिंग, भाजीत हिंग, कोशिंबिरीवर फोडणी, मठ्ठ्यात हिंग. चार पदार्थ झाले की दिवसाचे १० मिलिग्रॅम भरले, आणि अजून लोणचे वाढायचे आहे. किलोभर कैरीच्या लोणच्यात २० ग्रॅम बांधणी हिंग घातला तर सुमारे ८०० मिलिग्रॅम ग्लुटेन बरणीत उतरते. मसाला आणि तेल धरून लोणचे दीड किलो झाले, तर किलोमागे पाचशेच्या वर, म्हणजे ‘ग्लुटेनमुक्त’च्या मर्यादेच्या पंचवीसपटींहून अधिक. खाराने माखलेली १५ ग्रॅमची एक फोड ८ मिलिग्रॅम देते. मॉल्ट व्हिनेगरच्या तीन चमच्यांतून गेले होते ०.३. वाद मात्र व्हिनेगरवर होतो.

हे आकडे ठोकताळ्याचे आहेत. डबीनुसार ते निम्मे होतील किंवा दुप्पट होतील. पण त्यांचा तोल बदलत नाही. व्हिनेगरात ग्लुटेन उरलेच तर अंशाने उरते. हिंगात ते मुद्दाम आणि सरळ पिठाच्या रूपात घातलेले असते, त्यावर ना आंबवण होते ना ऊर्ध्वपातन. तेलात तडतडले म्हणून ते नाहीसे होत नाही. उष्णतेने ग्लुटेन मरत नाही, नाहीतर पोळी भाजल्यावर चालली असती.

हिंगापेक्षाही डोळ्यांआड राहणारी वस्तू म्हणजे मेतकूट. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, मेथ्या, मोहरी, जिरे, सुंठ, हळद, हिंग असे जिन्नस भाजून दळलेली ही पूड मऊ भात आणि तुपाबरोबर आजारी माणसाला देतात. पारंपरिक कृतीत बहुधा मूठभर गहूही असतो. दहावा हिस्सा गहू धरला तर एका चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅम मेतकुटात, ५० मिलिग्रॅमच्या जवळपास ग्लुटेन येते. कतास्सींच्या अभ्यासात तीन महिन्यांत आतडे बिघडवणारी मात्रा हीच. पोट नाजूक म्हणून मेतकूट-भात खाणारा सीलिअॅक रुग्ण रोज नेमके ते औषध घेत असतो, जे त्याला आजारी ठेवते. उपाय अवघड नाही. गहू गाळून तांदूळ वाढवावा आणि हिंग बदलावा. चवीत फरक पडलाच तर थोडा पडेल.

बाकीच्या कोरड्या तोंडीलावण्यांत फारसे काही सापडत नाही. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी, लसूण-खोबऱ्याची चटणी, ठेचा, कांदा-लसूण मसाला यांत धान्य नसते. हिंग घातला असेल तर तेवढाच प्रश्न. बाजारच्या काही मोहरीच्या पुडींत आणि तयार मोहरीच्या सॉसमध्ये दाटपणासाठी गव्हाचे पीठ असते, मोहरीची डाळ घरी फेसली तर तो प्रश्न येत नाही. आंबटपणासाठी तर मराठी स्वयंपाकाला व्हिनेगर लागतच नाही. कोकम, चिंच, लिंबू, कैरी, ताक यांत ग्लुटेनचा संबंध नाही. उपासाचा फराळ हा या दृष्टीने जवळजवळ तयार ग्लुटेनमुक्त आहार आहे. साबुदाणा, वरी, शिंगाडा, राजगिरा यांत ग्लुटेन नाही आणि बहुतेक घरांत उपासाला हिंगही चालत नाही. एकादशी पाळणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते, पण सीलिअॅक रुग्णाच्या सोयीचा दिवस त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता.

मग प्रश्न उरतो दळणाचा. गिरणीत गव्हाच्या मागून घातलेल्या राजगिऱ्याच्या पिठात गव्हाची पूड येतेच. मसाला कांडणाऱ्या डंखावर धोका कमी, पण त्याच छपराखाली पिठाची गिरणी असेल तर हवेतही पीठ असते. घरातही तसेच. लोणच्याच्या बरणीत पोळी खाता खाता घातलेला चमचा, कणकेच्या हाताने उघडलेला मिसळणाचा डबा, पाव पुसून घेतलेली चटणीची वाटी. यावर वेगळी बरणी आणि वेगळा चमचा एवढाच इलाज आहे आणि तो पुरतो.

लेबलाबाबत भारतीय कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार गहू, राय, जव, ओट्स यांसारखी ग्लुटेनयुक्त धान्ये घटकांत असतील तर त्यांचा ठळक उल्लेख करावा लागतो. ‘गहू नाही’ म्हणजे ‘ग्लुटेन नाही’ असे मात्र नाही, कारण जव मॉल्टच्या नावाने येऊ शकतो. सुटा हिंग, सुटे मेतकूट आणि बचत गटाच्या पिशवीतले लोणचे यांवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. तिथे विकणाऱ्याला सरळ विचारावे. ‘हिंग कुठला घातला?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर वस्तू घेऊ नये.

तांदळाच्या पिठात किंवा नुसत्या डिंकात बांधलेला, ‘ग्लुटेनमुक्त’ असे छापलेला हिंग आता भारतात आणि परदेशातल्या भारतीय दुकानांतही मिळतो. तो नेहमीच्या हिंगापेक्षा महाग असतो. रोजच्या चार चिमटींच्या हिशेबाने ५० ग्रॅमची डबी चौघांच्या घराला दीड महिना पुरते.